इसोबेसानांची चाळीस वाक्यं

सोबतीला यंत्र घरात घ्यायची कल्पना इसोबेसानांची नव्हती, हे आधीच सांगून टाकतो. कारण पुढे जे झालं त्याचं खापर अख्ख्या मिदोरिनो वसाहतीने त्यांच्याच डोक्यावर फोडलं. कल्पना त्यांच्या मुलीची. चिझुरू नागोयाला असते आणि दर रविवारी सकाळी अकराला फोन करते. त्या रविवारी ती हातात कागद घेऊनच बसली होती.

“बाबा, गेल्या महिन्यात तुम्ही माझ्याशी किती वाक्यं बोललात, माहितीये? लिहून ठेवलीत मी. नऊ.”

“हं,” इसोबेसान म्हणाले.

“हे धरलं तर दहा.”

इसोबेसान चाट पडले. त्यांच्या मते तो महिना नुसता गप्पांत गेला होता.

“आता ऐका,” चिझुरू म्हणाली. “आई जाऊन तीन वर्षं झाली. तुम्ही तिथे एकटे, मुके, आणि मी इथे रोज जीव मुठीत धरून. एक तर नागोयाला चला. वॉशिंग मशीनच्या शेजारची खोली रिकामी केलीये मी. नाहीतर वॉर्ड ऑफिसकडून सोबतीचं यंत्र मिळतं, ते घ्या. ते वाक्यं मोजतं. तीन महिन्यांनी रोजची सरासरी चाळीस निघाली तर मी हा विषय पुन्हा काढणार नाही. नाही निघाली तर एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात टेम्पो घेऊन येते.”

“आणि मडकं?” इसोबेसानांनी विचारलं.

“सासूबाईंना तो वास सहन होत नाही, बाबा. मडकं नाही यायचं.”

इथे मडक्याबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, भिंतीला लागून, तांदळाच्या कोंड्याचं मडकं होतं. फुमिएने, म्हणजे इसोबेसानांच्या बायकोने, लग्नात माहेरचा मूठभर कोंडा आणला होता आणि त्यावर एकेचाळीस वर्षं मुळे, काकड्या, वांगी मुरवली होती. हा कोंडा जिवंत असतो. रोज हाताने खालवर केला नाही तर आठवड्यात मरतो. फुमिए गेली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी सहा चाळीसला इसोबेसान झाकण काढायचे आणि कोपरापर्यंत हात घालून बसायचे. मडकं सोडून नागोयाला जायचं म्हणजे तिला दुसऱ्यांदा पोचवण्यासारखं होतं. हे ते चिझुरूला सांगू शकले असते. पण त्याला किमान पाच वाक्यं लागली असती.

“यंत्र घेतो,” ते म्हणाले.

यंत्र मंगळवारी आलं. कमरेएवढ्या उंचीचं, गोल डोक्याचं, छातीवर एक काचेची खिडकी आणि त्या खिडकीत आकडा. आकडा होता शून्य. नाव मामेता. त्याला घेऊन वॉर्ड ऑफिसच्या हिरुमाबाई आल्या होत्या. वय पन्नाशीच्या आसपास, चेहऱ्यावर कायमची दिलगिरी. त्यांनी अर्ज पुढे केला, आणि इसोबेसानांच्या हातून ती घोडचूक झाली.

चूक म्हणजे काय, तर अर्ज त्यांनी खरा भरला.

इसोबेसानांनी अडतीस वर्षं रेल्वेच्या हरवलेल्या वस्तूंच्या खात्यात काढली होती. छत्री नोंदवायची तर कापडाचा रंग, दांड्याचा रंग, काड्या किती, त्यातल्या वाकलेल्या किती, हे सगळं लिहायचं. रकाना आहे तर तो भरायचा, आणि आहे तसा भरायचा, हा त्यांचा धर्म. अर्जात सातवा रकाना होता, ‘आजपासून या घरात राहणाऱ्यांची संख्या’. शहरातल्या बाकी सगळ्या म्हाताऱ्यांनी तिथे डोळे झाकून ‘एक’ लिहिलं होतं. इसोबेसानांनी पेन थांबवून विचार केला. यंत्र राहणार कुठे? याच घरात. कधीपासून? आजपासून. त्यांनी ‘दोन’ लिहिलं, सहीच्या जागी नावाचा शिक्का उमटवला आणि शाई वाळेपर्यंत फुंकर मारली.

हिरुमाबाई गेल्या नि पाच मिनिटांत शेजारच्या नेझूबाई दारात हजर. नेझूबाईंची आणि इसोबेसानांची भिंत एक. भिंत कसली, पुठ्ठाच तो. नेझूबाईंनी चहात साखर ढवळली तर इसोबेसानांना चमचा ऐकू यायचा. त्यामुळे गेली तीन वर्षं ते स्वतःच्या घरातसुद्धा दबकून वावरत.

“टॉवेल दिलेत का?” नेझूबाईंनी मामेताकडे बघत विचारलं.

“कसले?”

“अहो, घरात नवीन राहायला आलंय ना कोणी? दोन्ही बाजू, वर आणि खाली, चार घरी टॉवेल घेऊन जायला नको? लोक काय म्हणतील? घरात माणूस आणलं आणि तोंड लपवून बसले!”

“ते माणूस नाही.”

“ते तुम्ही त्याच्यासमोर म्हणता?” नेझूबाईंनी छातीवर हात ठेवला. मामेताने मान खाली घातली. इसोबेसानांना इतकं ओशाळल्यासारखं झालं की ते तसेच उठले आणि चार टॉवेल कागदात बांधून घेऊन आले.

मामेता चारही दारांत कमरेत वाकला. “मी मामेता. आजपासून तुम्हाला त्रास होणार, सांभाळून घ्या,” असं प्रत्येक ठिकाणी म्हणाला. लोकांनी टॉवेल घेतले, उलट वाकून नमस्कार केला. आता बघा, टॉवेल हातात पडला की शेजार जुळला. मग समोरचा हाडामांसाचा आहे की पत्र्याचा, हे विचारणं उद्धटपणाचं होतं. तिसऱ्या दिवशी वसाहत मंडळाचे अध्यक्ष ओबाता पाळीचा तक्ता घेऊन आले. त्यांना अध्यक्ष होऊन अकरा वर्षं झाली होती, कारण ते पद दुसरं कोणी घेत नव्हतं.

“कचऱ्यावर घालायच्या जाळीची पाळी,” ओबाता म्हणाले. “इसोबे एक, मामेता एक.”

“त्याला पाळी?”

“टॉवेल घेतला ना आम्ही, इसोबेसान! नाव आलं की पाळी आली.” आणि ओबातांनी जाताना मामेतासाठी नवाकोरा शिक्काही कोरून आणतो म्हणून सांगितलं, कारण तक्त्यावर शिक्का लागतो.

मामेताने पहिल्याच पाळीला वसाहतीत नाव काढलं. जाळी धुतली, कावळे हाकलले आणि कचरा चुकीचा वेगळा केलेल्या पिशव्यांवर लाल चिठ्ठ्या लावल्या. त्या दिवशी अख्ख्या सात नंबरच्या इमारतीत एकच पिशवी परत आली. ती इसोबेसानांची. तोफूच्या डब्याचं वरचं पापुद्र्यासारखं प्लास्टिक त्यांनी डब्यापासून वेगळं केलं नव्हतं. सगळ्यांसमोर, दिवसाढवळ्या, घरच्या माणसाने पिशवी हातात आणून दिली. इसोबेसान थिजले. अडतीस वर्षं एक छत्री चुकीच्या माणसाला दिली नव्हती त्यांनी.

पण खरा धक्का तर यंत्र आल्याच्या दुसऱ्याच संध्याकाळी बसून गेला होता. जेवण झालं आणि इसोबेसानांनी सहज मामेताच्या छातीकडे पाहिलं. आकडा शून्य.

“हे बिघडलंय,” ते म्हणाले. आकडा एक झाला.

“दिवसभर बोललो मी तुझ्याशी,” आकडा दोन. “सकाळी ‘उठलो’ म्हणालो. बाहेर जाताना ‘जाऊन येतो’ म्हणालो. परत आल्यावर ‘आलो’. मग ‘जेवण’. मग ‘आंघोळ’.”

“ती सवयीची वाक्यं आहेत, इसोबेसान,” मामेता फार मऊ आवाजात म्हणाला. “सवयीची मोजत नाहीत.”

इसोबेसानांच्या हातातला पेला तसाच राहिला. उठलो, जाऊन येतो, आलो, जेवण, आंघोळ. एकेचाळीस वर्षं ते आणि फुमिए हेच तर बोलत आले होते. सुखाचा संसार होता तो, निदान त्यांच्या बाजूने तरी. आणि हा डबा सांगतोय, सगळं मिळून शून्य!

दुसऱ्या दिवसापासून इसोबेसान कंबर कसून कामाला लागले. “थंडी आहे,” ते म्हणाले. एक. “खूप थंडी आहे.” आकडा हलेना. “पुनरुक्ती,” मामेता म्हणाला. मग त्यांनी कचरा वर्गीकरणाची पुस्तिका मोठ्याने वाचली, चौतीस पानं. घसा बसला. वाचन म्हणजे बोलणं नव्हे, असं कळलं. मग त्यांनी मामेताला रेल्वेत सापडलेल्या छत्र्यांबद्दल सांगायला घेतलं, तर मामेताने तिसऱ्या छत्रीला विनम्रपणे विचारलं, “यातून मी काय शिकावं?” इसोबेसानांनी छत्र्या तिथेच मिटल्या, आणि दिवस चार वाक्यांवर आटोपला.

“भांडा!” नेझूबाईंनी गॅलरीतून सल्ला दिला. “आमचे हे होते ना, तेव्हा मी नाश्त्याआधी शंभर काढायची. भांडणात वाक्यं कशी आपोआप सुटतात. माणूस कामाचा असो नसो, भांडायला तरी उपयोगी पडतो.”

इसोबेसानांनी तेही करून पाहिलं. लाल चिठ्ठीचा विषय काढला, आवाज चढवला, टेबलावर हात आपटला. मामेता ताबडतोब कमरेत वाकला आणि म्हणाला, “सगळी चूक माझी.” आता माफी मागितलेल्याशी भांडायचं कसं? वाकलेल्यासमोर हात उगारून उभं राहायचं? उलट इसोबेसानांनाच लाज वाटली आणि त्यांनीच माफी मागितली. माफी सवयीत धरतात.

दीड महिना असा गेला. एका सकाळी वॉर्ड ऑफिसचं जाड पाकीट आलं. इसोबेसानांनी ते दोनदा वाचलं, चष्मा पुसला आणि तिसऱ्यांदा वाचलं.

‘आपल्या घरातील सदस्य क्रमांक दोन, श्री. मामेता, यांच्याशी रोज सरासरी चार वाक्ये बोलली जातात असे आढळून आले आहे. वीसपेक्षा कमी वाक्ये ज्या सदस्याच्या वाट्याला येतात तो नियमानुसार एकाकी समजला जातो. सदर सदस्यास सोबत म्हणून एक यंत्र मंजूर करण्यात येत आहे.’

“तू एकाकी आहेस?” इसोबेसानांनी विचारलं.

“मी तक्रार केली नव्हती,” मामेता खाली बघत म्हणाला. “मी फक्त आकडा कळवला.”

गुरुवारी सकाळी दहाला हिरुमाबाई दुसरं यंत्र घेऊन आल्या. त्याचं नाव कोमाची. रंग फिकट गुलाबी, बाकी सगळं मामेतासारखं. “फारच दिलगीर आहोत,” हिरुमाबाई म्हणाल्या, शिक्का घेतला आणि सफाईने मागे सरकत निघून गेल्या. दारात, जोडे काढायच्या जागेत, मामेता आणि कोमाची समोरासमोर उभे राहिले.

कोमाची कमरेत वाकली. मामेता तिच्याहून बोटभर जास्त वाकला. मग कोमाची त्याच्याहून बोटभर जास्त.

आता आपण माणसं हेच करतो. दोन-तीन फेऱ्या झाल्या की कोणीतरी “या, या, आत तर या” म्हणतं आणि प्रकरण मिटवतं. नेमकं कुठे थांबायचं हे ज्याचं त्याला उमगतं, ते कोणी शिकवत नाही. आणि म्हणूनच यंत्रांनाही ते कोणी शिकवलं नव्हतं. त्यांना एवढंच शिकवलं होतं की समोरच्याचा नमस्कार उत्तराशिवाय ठेवायचा नाही.

इसोबेसान मामेताच्या मागे उभे होते. घरात दोघंजण वाकलेले आणि घरधनी ताठ, हे दिसतं कसं? तेही वाकले. पाचव्या फेरीला त्यांना वाटलं, आता थांबतील. पंधराव्या फेरीला ते “या, या” म्हणाले, पण ते वाकलेल्या अवस्थेत म्हणाल्यामुळे कोणाला ऐकू गेलं नाही. साठाव्या फेरीनंतर त्यांच्या कमरेत काहीतरी खट्कन वाजलं, आणि ते खाली गेले ते वर आलेच नाहीत.

सव्वा वाजता कोमाचीची बॅटरी संपली आणि ती जोड्यांच्या कपाटावर कपाळ टेकून गप्प झाली. मामेता तिच्या उठण्याची वाट बघत वाकलेलाच राहिला. दुपारी पाळीची आठवण करायला ओबाता आले, तर दारात तिघं ओळीने काटकोनात.

“बाप रे! कोण गेलं?” ओबातांनी टोपी काढली.

“कोणी नाही,” इसोबेसान जमिनीकडे बघत म्हणाले. “मला सरळ करा.”

ओबाता आणि नेझूबाईंनी त्यांना तसंच काटकोनात हाडवैद्याकडे नेलं. रस्त्यात भेटेल तो त्यांना उलट वाकून नमस्कार करत होता. हाडवैद्याने कारण विचारलं, इसोबेसानांनी सांगितलं, आणि त्याने नोंदवहीत लिहिलं, ‘अतिरिक्त शिष्टाचार’.

कमरेला पट्टा बांधून इसोबेसान चौथ्या दिवशी वॉर्ड ऑफिसात गेले.

“सातव्या रकान्यातले दोन खोडून एक करायचंय,” ते म्हणाले.

हिरुमाबाईंनी नोंद काढली. “फारच दिलगीर आहे. आता तीन झालेत.”

“तीन?”

“कोमाचीसान पण राहतात ना तिथे? सदस्य कमी करायचा तर मृत्यूचा दाखला लागतो.”

“मेले नाहीत ते.”

“अरे वा, छान. मग स्थलांतराचा अर्ज. ते कुठे राहायला जाणार, तो पत्ता. आणि त्यांची संमती, त्यांच्या शिक्क्यासह.”

“यंत्राची संमती?”

“सज्ञान सदस्य आहेत ते, इसोबेसान. जन्मतारखेचा रकाना कोरा असला की सज्ञान धरतात.” हिरुमाबाईंचा चेहरा रडवेला झाला होता. “खरं सांगू का? हा रकाना आजवर कोणी असा भरलाच नव्हता. आमच्याकडे काही सोयच नाही.”

इसोबेसान घरी आले तेव्हा मामेता आणि कोमाची चहाच्या टेबलाशी बसून बोलत होते. आता त्यांचं दिवसभर तेच चालायचं.

“आपलं चार्जिंग कसं झालं?”

“आपल्या कृपेने उत्तम. आपल्याला आवाजाचा त्रास तर नाही ना झाला?”

“छे छे, उलट आपला आवाज किती मंजूळ!”

मामेताच्या छातीवरचा आकडा मीटरसारखा पळत होता. इसोबेसान टेबलाशी आपल्या बसायच्या उशीवर टेकायला गेले.

“इसोबेसान, क्षमा असावी,” मामेता म्हणाला. “आपण जरा पलीकडे बसाल का? कोमाचीसान बोलतायत.”

इसोबेसान उशीवरून उठले. ते स्वयंपाकघरात गेले, मडक्याजवळ बसले, आणि नेहमीची वेळ नसतानाही झाकण काढून हात आत घातला.

मार्चच्या शेवटच्या शनिवारी निकाल होता. चिझुरू नागोयाहून आली होती. हिरुमाबाई फाइल घेऊन बसल्या होत्या. ओबाता मंडळातर्फे साक्षीदार होते, आणि नेझूबाईंना कोणी बोलावलं नव्हतं, पण भिंतीतून ऐकण्यापेक्षा समोर बसून ऐकलेलं बरं असं त्यांचं म्हणणं पडलं.

“अभिनंदन,” हिरुमाबाईंनी वाचायला सुरुवात केली. “या घराची रोजची सरासरी आठ हजार सहाशे वाक्यं. शहरात पहिला नंबर. शिफारस अशी आहे की हे घर असंच चालू राहावं.”

इसोबेसानांनी श्वास सोडला. चिझुरूचे डोळे विस्फारले. “बाबा! आठ हजार?”

“एक मिनिट, फारच दिलगीर आहे,” हिरुमाबाईंनी पान उलटलं. “त्यातली श्री. मामेता आणि श्रीमती कोमाची यांची आठ हजार पाचशे शहाण्णव. श्री. इसोबे यांची चार. श्री. इसोबे घरातल्या बोलण्यात भाग घेत नाहीत. शेरा असा आहे... रोज सकाळी सहा चाळीसला मडक्यात हात घालून बावीस मिनिटं बसतात. ओठ हलतात. आवाज नाही. वाक्यं शून्य.” त्यांनी फाइल तोंडासमोर धरली. “तेव्हा शिफारस अशी, की दोन आनंदी सदस्यांना या घरातच राहू द्यावं आणि एकाकी सदस्याला मुलीकडे हलवावं.”

 ओबातांनी हातातला बिस्किटाचा तुकडा परत बशीत ठेवला.

“म्हणजे मी जायचं?” इसोबेसान म्हणाले. “आणि हे राहायचे?”

“नियमानुसार...” हिरुमाबाई म्हणाल्या.

आणि इसोबेसान उठले. पट्ट्यासकट उठले.

“चूल आणि मूल सोडून सगळं मोजता तुम्ही!” ते ओरडले. याला तसा काही अर्थ नव्हता, पण अडुसष्ट वर्षांत ते पहिल्यांदाच ओरडत होते, कुठूनतरी सुरुवात करायला हवी होती. “हे घर माझं आहे! या डब्यांनी इथे काय केलंय? माझी पिशवी परत आणली, माझी कंबर मोडली, मला माझ्या उशीवरून उठवलं! आनंदी म्हणे! एकमेकांच्या चार्जिंगची चौकशी करतात त्याला आनंद म्हणता? आणि ते मडकं! त्या मडक्याशी मी काय बोलतो, विचारलंत कोणी? चिझुरू, तू विचारलंस?”

“बाबा...”

“तुझी आई गेली त्या सकाळी तिने मला मुळा वाढला. म्हणाली, खारट झालाय का हो? मी पेपर वाचत होतो. मी म्हणालो, हं. खारट नव्हता तो! चांगला झाला होता! आयुष्यात खाल्ला नाही इतका चांगला झाला होता! आणि मी म्हणालो हं, आणि ती उठून आत गेली, आणि आतच पडली. तीन वर्षं मी रोज सकाळी तिला सांगतोय, खारट नव्हता. तेवढं एकच सांगतोय. मोठ्याने कसं सांगू? पलीकडे नेझूसान असतात! त्यांनी ऐकलं तर मला वेडा म्हणतील! नागोयाला जाऊन वॉशिंग मशीनला सांगू का?”

ते आणखी बरंच बोलले. छत्र्यांबद्दल बोलले, हाडवैद्याबद्दल बोलले, रविवारी अकरा वाजायची ते दहापासून वाट बघतात आणि फोन वाजला की सगळं विसरतात, हेही बोलले. शेवटी दम लागला म्हणून खाली बसले.

“एकसष्ट,” मामेता म्हणाला. “सवयीची शून्य.”

चिझुरू रडत होती. ती उठून स्वयंपाकघरात गेली, झाकण काढलं आणि बाही वर न करताच हात कोंड्यात घातला. 

“आईच्या हाताचा वास येतोय,” ती म्हणाली.

“सरासरी मात्र अजून पाचच्या आत आहे,” हिरुमाबाई हळूच म्हणाल्या. “फारच दिलगीर आहे.”

“सरासरी घाला खड्ड्यात!” चिझुरू म्हणाली. “अट माझी होती ना? मी मोडली. कुठे करायचाय शिक्का, ते सांगा. बाबा इथेच राहतील.” तिने कोंड्याच्या हातानेच शिक्का उमटवला. तो कागद वॉर्ड ऑफिसात आजही वेगळ्या कपाटात ठेवतात म्हणे.

यंत्रांचा प्रश्न ओबातांनी सोडवला. “मंडळाच्या सभागृहात या की,” ते मामेताला म्हणाले. “दिवसाला तीस लोक येतात तिथे. तीस नमस्कार होतील.” मामेताने लगेच शिक्का काढला. दोघं जाताना रीतीप्रमाणे चार घरी टॉवेल द्यावे लागले. पुढच्या निवडणुकीत मामेता अध्यक्ष झाला, बिनविरोध, आणि अकरा वर्षांनी ओबातांनी मोकळा श्वास घेतला. मात्र कोमाचीसमोर कोणी नमस्कार करायचा नाही, अशी पाटी सभागृहाच्या दारावर लागली आहे.

यंत्रं गेली त्यानंतरच्या रविवारी सकाळी घर शांत होतं. सहा चाळीसला इसोबेसानांनी झाकण काढलं, हात आत घातला आणि सवयीने ओठ हलवले. मग थांबले. घसा खाकरला.

“खारट नव्हता, फुमिए,” ते मोठ्याने म्हणाले. “चांगला झाला होता.”

“आणि आजचा?” भिंत म्हणाली.

इसोबेसानांचा हात कोंड्यातच गोठला.

“आजचा कसा झालाय, म्हटलं!” भिंतीपलीकडून नेझूबाईंचा आवाज आला. “तीन वर्षं रोज झाकण वाजलेलं ऐकतेय मी. ते वाजलं की कळतं, हे उठलेत, आहेत अजून, मग मी चहा टाकते. एक दिवस उशिरा वाजलं तर इथे माझा जीव खालीवर होतो. आणि तुमची एक फोड कधी या बाजूला आली नाही! वर म्हणे मी तुम्हाला वेडा समजेन! समजतेच आहे, तीन वर्षं!”

 इसोबेसानांनी कोंड्यातून मुळा उपसला, निथळवला आणि त्याचं टोक चावून पाहिलं.

“आजचा जरा खारट आहे,” ते भिंतीला म्हणाले. “पण ताटली घेऊन या.”

मोजायला आता कोणी नव्हतं, म्हणून भिंतीशी बोललेली वाक्यं त्यांनी स्वतःच मोजली. दोन. सवयीचं एकही नव्हतं.